समुद्रासमोरचा द्राक्षमळा

(यवतमाळ येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून बोलण्याचा आमचा अधिकार काय, हा प्रश्न आपल्या मनात येण्याआधी आमच्याच मनात येऊन गेला आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा मालांतून पंडित बोलत आले आणि आमच्यासारखे मागच्या बाकावर बसून ऐकत आले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे दिवसा जिनिंगचे आवार आणि संध्याकाळी वाचनालयातला दिवा. तेव्हा चुकले-माकले आपण सांभाळून घ्याल, अशी आशा आहे.

चालकांनी आम्हांला कामगार चळवळीच्या भवितव्यावर बोलण्यास सुचविले होते. आम्ही त्यांना विनविले, की भवितव्य सांगणे हे ज्योतिषाचे काम; आम्ही आपले डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. म्हणून आजचा विषय एका द्राक्षमळ्याचा आहे. तो मळा आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला आहे, आणि त्याच्या समोर समुद्र आहे.

कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाने द्राक्षांवर बोलावे, हे जरा विचित्रच. आपल्याकडे द्राक्ष येते ते माघ-फाल्गुनात, नाशिक-सांगलीकडून पेट्यांत भरून. महाराष्ट्राला द्राक्षवेल नवी नाही. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात दौलताबादेस आला, तेव्हा तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे त्याने लिहून ठेवले. पण आपल्या काळ्या मातीत आणि आपल्या उन्हात कापूस आणि तूर, हाच आपला संसार. तरीही त्या मळ्यात उभे असताना आम्हांला आठवत होते ते यवतमाळच. ते का, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

२०१८ सालच्या फेब्रुवारीत शेतमजुरांत काम करणाऱ्या काही संघटनांची एक बैठक केपटाउन शहरी भरली होती. आमच्या मंडळींनी वर्गणी काढून आम्हांला पाठविले. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी आपल्या जिल्ह्यात काय घडले, ते आपण विसरला नसाल. कपाशीवर फवारणी करता करता माणसे कोसळली, शेकडो रुग्णालयात गेली आणि विसांहून अधिक दगावली. तो अनुभव तिथे मांडावा, हा जाण्याचा हेतू. आमचे इंग्रजी वर्तमानपत्र वाचून शिकलेले. वाचता येते, बोलताना अडखळते. पण विषाचे नाव आणि मेलेल्याचे वय सांगायला व्याकरण फारसे लागत नाही.

त्या महिन्यात केपटाउनमध्ये पाण्याचा मोठा दुष्काळ होता. माणशी दिवसाला ५० लिटर पाणी, असा नगरपालिकेचा हुकूम. मुक्कामाच्या ठिकाणी न्हाणीघरात एक बादली ठेवलेली आणि भिंतीवर सूचना लावलेली. सोबतचे परदेशी पाहुणे कुरकुरत होते. आम्हांला मात्र घरी आल्यासारखे वाटले. त्याच उन्हाळ्यात आपल्या गावचे निळोणा आणि चापडोह आटले आणि आपण सगळे टँकरच्या रांगेत उभे राहिलो, हे आपल्याला निराळे सांगणे न लगे.

बैठक संपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. द्राक्षमळ्यांतील मजुरांत काम करणाऱ्या तिथल्या एक बाई, वयाने आमच्याच बरोबरीच्या, म्हणाल्या, "चला, आमच्या देशातला सर्वांत जुना मळा दाखवते." त्या मळ्याचे नाव ग्रूट कॉन्स्टान्शिया. डच भाषेत ग्रूट म्हणजे थोरला.

आता त्या जागेचे वर्णन करावयाचे, तर आमच्याजवळ कवीची वाणी नाही. केपटाउनच्या माथ्यावर टेबल माउंटन हा माथा कापल्यासारखा सपाट डोंगर आहे. त्याच्या पाठीमागच्या अंगाला डोंगराचा उतार हळूहळू खाली येतो, आणि त्या उतारावर वेलींच्या रांगा जातात, जशा आपल्याकडे कपाशीच्या ओळी जातात तशा, सरळ, दोरी लावल्यागत. रांगांच्या शेवटी झाडी, झाडीच्या पलीकडे सखल वस्ती, आणि तिच्या पलीकडे निळा समुद्र. वाऱ्याची झुळूक तिकडूनच येते. तिथला माहीतगार सांगत होता, की या मळ्याच्या द्राक्षाचा सारा गुण त्या वाऱ्यात आहे; उन्हाळ्यातही तो वेल तापू देत नाही, त्यामुळे फळ सावकाश पिकते.

त्या उपसागराचे नाव मात्र मौजेचे आहे. त्याला 'फॉल्स बे' म्हणतात, म्हणजे खोटा उपसागर. पूर्वेकडून, म्हणजे आपल्या बाजूने, परतणारी जहाजे एका भूशिराला दुसरेच भूशिर समजत आणि वळण चुकून या उपसागरात शिरत. केपटाउनचे बंदर आले असे वाटे, आणि ते आलेले नसे. म्हणून खोटा.

परवानगी घेऊन आम्ही वेलीवरचे दोन मणी तोडून खाल्ले. मद्याचे द्राक्ष आपल्या खाण्याच्या द्राक्षासारखे नसते. मणी लहान, साल जाड, आत बिया. पण गोडी अशी, की बोटे एकमेकांना चिकटावीत. पुढे चव घेण्यासाठी पेले मांडले होते. आम्ही पेला घेतला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

या मळ्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने यान व्हान रीबेक याला केपला धाडले. हिंदुस्थान आणि जावा बेटांकडे जाणाऱ्या जहाजांना वाटेत ताजी भाजी, मांस आणि पाणी मिळावे, एवढाच हेतू. त्याने वेली लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी तिथल्या द्राक्षांचे पहिले मद्य निघाल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली. पुढे १६७९ साली सायमन व्हान डर स्टेल हा तिथला अधिकारी झाला. १६८५ साली कंपनीने त्याला या उतारावरची विस्तीर्ण जमीन दिली. तिथे त्याने वाडा बांधला, मळा केला, आणि १७१२ साली तो तिथेच वारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या गोऱ्या सत्तेने पुढे रंगावरून माणसांची विभागणी केली, तिच्या या मूळ पुरुषाची आजी, म्हणजे आईची आई, मोनिका नावाची हिंदुस्थानातली गुलाम स्त्री होती. तिची पुढे मुक्तता झाली होती. तिच्या नातवाला समुद्राकडे पाहणारा मळा मिळाला. तिला स्वतःला काय मिळाले असेल, ते आपण मनाशी ताडावे.

व्हान डर स्टेलच्या मृत्यूनंतर मळ्याच्या वाटण्या झाल्या. १७७८ साली हेंड्रिक क्लोएटे याने थोरला मळा विकत घेतला आणि त्याच्या हाताखाली कॉन्स्टान्शियाचे गोड मद्य जगात गाजले. १७९१ साली बांधलेले मद्याचे कोठार अजून उभे आहे. त्याच्या कपाळावर आंतोन आन्राइट या शिल्पकाराने कोरलेले शिल्प आहे. सेंट हेलेना बेटावर कैदेत पडलेला नेपोलियन हेच मद्य मागवीत असे. जेन ऑस्टेनबाईंच्या १८११ सालच्या कादंबरीत प्रेमभंगाने खचलेल्या मुलीवर उपाय म्हणून हेच पुढे केले आहे. पुढे उतरती कळा लागली. १८८५ मध्ये मळा सरकारने घेतला. लगेच पुढच्या वर्षी वेलीची मुळे खाणारी कीड केपमध्ये पोहोचली. १९२५ साली वाडा जळाला, तो पुन्हा उभारला. आज तिथे संग्रहालय आहे, आणि मळा एका न्यासाच्या ताब्यात आहे.

एवढी माहिती कोणत्याही प्रवाशाला मिळते. पण आम्ही ज्या बाईंबरोबर गेलो होतो, त्या आम्हांला वाड्यातल्या चिनी बशा आणि उंच पलंग दाखवीत बसल्या नाहीत. तिथल्या माहितीगृहात गुलामांची हकिगत लावलेली आहे. त्यांनी आम्हांला तिथे नेऊन उभे केले.

बंधुभगिनींनो, आपण गिरमिटियांची गोष्ट ऐकलेली आहे. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांत आपली माणसे करारावर गेली, आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी तिथे लढा दिला, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी हिंदुस्थानातून माणसे केपला नेली गेली, तीही करारावर नव्हे, विकत घेऊन. हे आम्हांला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. १६५२ पासून १८०८ पर्यंत सुमारे ६३,००० गुलाम केपला आणले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतले साधारण चौथाई हिंदुस्थानातले: बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे. बाकीचे मादागास्करचे, आफ्रिकेच्या किनाऱ्याचे आणि पूर्वेकडच्या बेटांवरचे. केपमधल्या मळ्यांची पाळेमुळे रुजली ती या हातांनी.

आणि त्यांची नावे पाहा. अमुक 'बंगालचा', तमुक 'मलबारची'. आईबापांनी ठेवलेले नाव पुसून मालकाने आपल्या सोयीचे ठेवले आणि पुढे आणल्या ठिकाणाची चिठ्ठी चिकटवली, जशी गाठीवर जिनची खूण मारतात तशी. पुष्कळांना तर महिन्यांची नावे दिली: फेब्रुवारी, एप्रिल, सप्टेंबर. ती नावे पुढे आडनावे झाली आणि आजही चालतात. ही माहिती देताना आमच्या सोबतच्या बाई हसून म्हणाल्या, "माझे आडनाव काय, ते तुम्ही पहिल्या दिवशी विचारलेत, आणि ऐकून तुम्हांला गंमत वाटली. आठवते?" त्यांचे आडनाव एका महिन्याचे होते. आम्हांला खरोखरच गंमत वाटली होती. आम्ही मान खाली घातली.

इंग्रजी अंमलात १ डिसेंबर १८३४ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. पण उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे, १८३८ पर्यंत, माणसे मालकाकडेच अडकून राहिली. साऱ्या साम्राज्यातल्या गुलामांच्या मालकांना मिळून दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर झाली. गुलामांना काही नाही. मग केपमध्ये १८५६ साली मालक-नोकरांचा कायदा आला: काम सोडून गेला तर तो गुन्हा, शिक्षा तुरुंगाची. आपल्याकडेही इंग्रजांनी १८५९ साली त्याच धर्तीचा करारभंगाचा कायदा केला होता. तो १९२५ साली रद्द झाला. तिकडचा १९७४ पर्यंत टिकला. समुद्र मध्ये असला, तरी एका कारखान्यातून दोन्हीकडे कुलुपे जात होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले, त्या गोष्टीकडे येतो. केपच्या द्राक्षमळ्यांत एक चाल होती, तिला 'डॉप' म्हणत. डॉप म्हणजे घोट. मजुराच्या मजुरीचा काही भाग पैशात न देता मद्यात द्यावयाचा. सकाळी कामाला लागताना एक माप, मध्ये एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. मद्य अर्थातच हलके, जे बाजारात खपायचे नाही ते. मालकाचा उरलेला माल मजुरीच्या नावाखाली खपे, आणि ज्याला घोटाची सवय जडली तो मजूर दुसरीकडे जात नसे. बेडी घालण्याचा खर्च नाही. गुलामगिरीच्या काळात सुरू झालेली ही चाल १९६० च्या सुमारास कायद्याने बंद झाली. प्रत्यक्षात १९९० नंतरही ती कुठे कुठे चालू होती. गर्भातच मद्याची बाधा होऊन जन्मलेल्या मुलांचे प्रमाण ज्या प्रदेशांत जगात सर्वाधिक आहे, त्यांत या द्राक्षप्रदेशाची गणना होते.

बाई हे शांतपणे सांगत होत्या. त्यांचे वडील डॉपवरच काम करीत होते. लहानपणी आपण पत्र्याचे माप धुऊन ठेवीत असू, असे त्या म्हणाल्या. आम्ही त्या वेळी काहीच बोललो नाही. कारण आमच्या डोळ्यांपुढे समुद्र राहिला नव्हता, यवतमाळातले एक दुकान आले होते.

आमचे वडील जिनमध्ये हमाल होते. दाबलेल्या रुईची एक गाठ १७० किलोची. अशा गाठी लोटण्यात त्यांची पाठ गेली. आई रेच्यावर कापूस घालायला जाई. हंगामाचे काम, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. मजुरी मालक देत नसे, मुकादम देई. आणि मुकादम चुकाऱ्याच्या दिवशी वही घेऊन दारूच्या दुकानातल्या बाकावर बसे. त्याच्याजवळ नोटा मोठ्या असत. तीन-चार माणसांत मिळून एक नोट. सुटे पैसे कोणाजवळ? दुकानदाराजवळ. आणि दुकानदार काही विकल्याशिवाय सुटे करीत नसे. आमच्या आईची मजुरीही वडिलांच्याच हाती पडे. बायांनी दुकानात यायचे नाही, ही रीत. मग बाया रस्त्याच्या पलीकडे ओळीने उभ्या राहत. आम्ही नऊ-दहा वर्षांचे असू. आई म्हणे, "जाय रे, बापाचा हात धरून बाहेर आन. आधी पैसे घेजो, मंग हात धरजो." आम्ही आत जात असू. कधी पैसे मिळत, कधी नुसता हात.

वडिलांना आम्ही दोष देत नाही. आपल्याच मजुरीची नोट मोडायला माणसाला आधी पेला विकत घ्यावा लागावा, अशी ज्यांनी योजना केली, त्यांची हुशारी मोठी. पत्र्याचे माप आणि मोडीची नोट, या दोहोंत आम्हांला फरक दिसत नाही. पेला आम्ही का घेतला नाही, हे आता सांगावयास नको. द्राक्षाशी आमचे भांडण नाही, आणि आपल्या कमाईतून कोणी काय प्यावे याचा उपदेश करण्यासही आम्ही आलेलो नाही. मजुरी पेल्यातून वाहू नये, एवढेच आमचे म्हणणे.

पुढे आम्ही वयात आलो, संघटनेत पडलो, आणि पहिली मागणी मांडली ती दरवाढीची नव्हती. मागणी अशी: मजुरी जिनच्या फाटकात, दिवसाउजेडी, बाजाराच्या आदल्या दिवशी, आणि ज्याची त्याच्या हाती, बायांची बायांच्या हाती. मुकादमाने विरोध केला हे ओघानेच आले. पण आमच्यातल्या कित्येक पुरुषांनीही विरोध केला, हे लपविण्यात अर्थ नाही. मुकादम अडीनडीला उचल देतो, त्याला कशाला दुखवायचे, असे त्यांचे म्हणणे. बायका मात्र हटल्या नाहीत. दोन हंगाम गेले, तेव्हा कुठे टेबल फाटकात आले.

त्यानंतर आम्हांला वाचनालयात कळले, की आम्ही काही नवे मागितले नव्हते. इंग्लंडात १८३१ साली मजुरी मालाच्या रूपाने देण्यास बंदी झाली, आणि १८८३ साली ती दारूच्या गुत्त्यात देण्यास बंदी झाली. आपल्याकडे १९३६ च्या कायद्याने वेतन चलनी नाण्या-नोटांतच द्यावे असे ठरविले, १९४८ च्या किमान वेतन कायद्याने शेतमजुरालाही किमान वेतनाच्या कक्षेत आणले. हे दोन्ही कायदे पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामील झाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४९ साली ९५ क्रमांकाचा करार केला. त्यात कडक दारूच्या रूपाने मजुरी देण्यास साफ मनाई आहे, आणि गुत्त्यात मजुरी वाटण्यासही मनाई आहे. कायदा ग्रंथात होता. आमची आई रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मधला रस्ता ओलांडायला संघटना लागली.

त्या मळ्यातल्या बाईंची कथाही अशीच. शेतमजुरांना त्यांच्या देशात कामगार कायद्यांचे संरक्षण मिळाले ते १९९० नंतरच्या वर्षांत. तरीही २०१२ साली शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ६९ रँड होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डी डोर्न्स या खाण्याच्या द्राक्षांच्या गावात मजूर बाहेर पडले. मागणी १५० रँडची. संप एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेला, माणसांचे प्राणही गेले. १ मार्च २०१३ पासून मजुरी १०५ रँड झाली. मागितले तेवढे मिळाले नाही; पण एवढी वाढ एका झटक्यात पूर्वी कधी पाहिली नव्हती, असे त्या म्हणाल्या. फवारणीची तक्रार त्यांचीही होती. त्यांनी आम्हांला विचारले, "तुमच्याकडे मेले त्यांची नावे कुठे लिहिली आहेत?" आम्ही म्हटले, वर्तमानपत्रात आली, सरकारी कागदात आहेत. त्या म्हणाल्या, "तुमच्या संघटनेत?" आम्ही गप्प राहिलो.

परत येताना विमानात तो प्रश्न आमच्याबरोबर होता. घरी आल्यावर आम्ही संघटनेची जुनी पावतीपुस्तके काढली. फाटकात टेबल आणले त्या दोन हंगामांची. वर्गणीच्या पावत्या आमच्याच हस्ताक्षरातल्या. पुरुषांची नावे बापाच्या नावासकट, आडनावासकट. आणि बायांची? 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', 'रेच्यावरची म्हातारी'. पुढे चार आणे, आठ आणे. ज्या बायांच्या जोरावर तो लढा जिंकला, त्यांची नावे आम्ही विचारलीसुद्धा नव्हती. 'मलबारची', 'बंगालची' म्हणून लिहिणाऱ्या डच कारकुनावर आम्ही माहितीगृहात उभे राहून चिडलो होतो. आमचे अक्षर त्याच्यापेक्षा वाईट होते, एवढाच काय तो फरक. आमच्या आईची पावतीही त्यांत आहे. तिच्यावरही तिचे नाव नाही.

हा आरोप आम्ही दुसऱ्या कोणावर करीत नाही, स्वतःवर करतो. मालकाच्या हजेरीपुस्तकात बाईचे नाव नसावे, याचे कारण समजते. चळवळीच्या पुस्तकात नसावे, याला कारण आम्हांला सापडत नाही.

मग आम्ही आणि दोन सहकारी घरोघर हिंडू लागलो. जुन्या वस्त्यांतून, उमरसऱ्यापासून लोहाऱ्यापर्यंत. ज्या बाया हयात आहेत त्यांना बसवून विचारले: तुमच्या ओळीत कोण कोण होते? नावे सांगा. एकीने एक सांगितले, दुसरीने तिचे माहेरचे गाव सांगितले. पावतीच्या उलट बाजूला आम्ही नावे लिहीत गेलो. कामाला उशीर झाला होता. कित्येक पावत्यांच्या मागची बाजू कोरीच राहिली. ती बाई कोण, हे आता सांगणारे कोणी नाही. फवारणीत गेलेल्यांची नावे मात्र आम्ही संघटनेच्या वहीत, पहिल्या पानावर लिहिली आहेत, आणि दर वर्षी सभेत वाचतो.

आपला जिल्हा आणि तो मळा यांत साम्य काय, असे कोणी विचारील. तिकडे द्राक्ष लावले ते लंडन आणि पॅरिसच्या पेल्यासाठी. इकडे कपाशी वाढली ती लँकेशायरच्या गिरण्यांसाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस थांबला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला केवढी किंमत आली, हे इतिहासात आहेच. दोन्हीकडे माल दूर गेला, त्याला नाव मिळाले, भाव मिळाला. आणि ज्यांच्या बोटांना तो चिकटला होता, त्यांची नावे मागे राहिली. फरक एवढाच, की तिकडे निदान आता भिंतीवर ती हकिगत लावली आहे. वाडा पाहायला येणाऱ्याला ती वाचता येते. वाड्याची शोभा त्याने कमी होत नाही. पाहणाऱ्याची समज वाढते.

आपल्याकडे जुन्या जिनांच्या चिमण्या आणि टिनाच्या शेडा एकेक करून पडत आहेत. त्या जागी मंगल कार्यालये होतील, प्लॉट पडतील. त्याला आमचा विरोध नाही. गाव वाढले पाहिजे. पण श्रोतेहो, आपण वाचनालयाची माणसे आहात. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी कोणीतरी आजी, मावशी, शेजारीण असेल, जी कधीकाळी रेच्यावर उभी होती, किंवा रानात वेचणीला जात होती. आज घरी गेल्यावर तिला एवढेच विचारा, की तुझ्या ओळीत कोण कोण होते? आणि जे सांगेल ते कागदावर लिहा. तो कागद या वाचनालयाला आणून द्या. कपाटात एक खण त्यासाठी मोकळा ठेवण्याचे चालकांनी आम्हांला कबूल केले आहे. आमची पावतीपुस्तके आम्ही आजच त्यांच्या स्वाधीन करीत आहोत. कोऱ्या राहिलेल्या पावत्यांसकट. न जाणो, आपल्यातल्या कोणाला एखादे नाव आठवेल.

आणि एक. आपल्यातले जे मालक आहेत, ठेकेदार आहेत, ज्यांच्या शेतावर वेचणीला बाया येतात, त्यांना हात जोडून सांगणे आहे: मजुरी बाईच्या हाती द्या, वहीत बाईचे नाव लिहा, आणि फवारणीला माणूस पाठविताना त्याच्या तोंडावर फडके आणि हातात मोजे आहेत की नाहीत, ते आधी पाहा. यांतली कोणतीही गोष्ट करण्यासाठी समुद्रापलीकडे जावे लागत नाही.

निघताना त्या बाईंनी आम्हांला मळ्याच्या वरच्या टोकाला नेले. संध्याकाळ होत होती. खालच्या रांगांत तोडणीचे शेवटचे पाळीवाले मजूर टोपल्या उचलीत होते, आणि पलीकडे तो खोटा उपसागर लाल झाला होता. त्या म्हणाल्या, "दृश्य फार सुंदर आहे ना? माझ्या वडिलांनी आयुष्यभर या डोंगरांतल्या मळ्यांत काम केले. समुद्राकडे पाहायला मान वर केलेली मी त्यांना कधी पाहिली नाही." मग थोडा वेळ आम्ही दोघेही ते दृश्य पाहत उभे राहिलो, त्यांच्या वडिलांच्या वाट्याचे आणि आमच्याही.

 पावतीपुस्तके टेबलावर ठेवली आहेत. ज्यांना पाहावयाची असतील, त्यांनी जरूर पाहावीत.